बॅटरी बंद करा, पोरांनो

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आसपासच्या डोंगरांत, मे महिन्यात लहान मुलांची जी छोटी घरगुती शिबिरं चालतात, तिथे नियम फारसे नसतात. आपलं ताट आपण घासायचं. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे, कारण विंचवालाही रात्री निवारा लागतो. विहिरीकडे एकट्यानं फिरकायचं नाही. पहिले दोन नियम मोडले तर फार तर घरच्या आजीची बोलणी बसतात. पण रात्री आठनंतर अंगणात कुणी बॅटरी पेटवली, की अख्खं घर एका सुरात ओरडतं, "बंद कर ती!"

शहरातून आलेल्या मुलाला हे उफराटंच वाटतं. आईनं केलेल्या सामानाच्या यादीत बॅटरी सगळ्यांत वर असते, सोबत जादा सेल. आणि इथे डोंगरात, बिबट्याच्या मुलखात, अमावास्येच्या जवळपास, ती बंद ठेवायची?

कारण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आहे. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. शंकूपेशी साधारण साठ लाख. त्या दिवसा काम करतात, रंग ओळखतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी, त्या रात्रीच्या. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी क्षीण उजेडही त्या पकडतात. त्यासाठी त्यांना रोडॉप्सिन नावाचं रसायन लागतं आणि ते भगभगीत उजेडात क्षणात विरून जातं. पुन्हा पुरेसं साठायला अर्धा तास, कधी चाळीस मिनिटंही लागतात. त्या अवधीत डोळ्याची क्षमता हजारो पटींनी वाढते. म्हणजे कुणी गंमत म्हणून सेकंदभर बॅटरी लावली, तर वीस पोरांनी अर्धा तास बसून मिळवलेली नजर एका झटक्यात गेली. घर ओरडतं ते यासाठी. अगदीच गरज पडली तर बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधतात, कारण लाल उजेड दंडपेशींना फारसा जाणवतच नाही आणि त्यांचा साठा शाबूत राहतो.

मुलांचं आयुष्य शंकूपेशींवर चाललेलं असतं. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच मुलांच्या दंडपेशींना पुरती संधी कधी मिळालेलीच नसते. डोळे आपलेच, जन्मापासून बरोबर आहेत, आणि त्यांतली बारा कोटी यंत्रं नवव्या-दहाव्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण चालू होतात! मला तरी शिबिराच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा हे मोठं वाटतं.

घोंगड्यांवर आडवी झालेली मुलं पहिली पाच-दहा मिनिटं तक्रारी करतात. काही दिसत नाही, डास आहेत, याचा पाय मला लागतोय. शिबिर चालवणारे काका तेवढ्यात गोष्ट सुरू करतात आणि काकांची गोष्ट अर्ध्या तासाच्या आत कधीच संपत नाही. ती संपेपर्यंत गोठ्याच्या कौलांची ओळ दिसायला लागलेली असते, मग शेजारच्याचा चेहरा, मग समोरच्या डोंगराची कड. आणि वर बघितलं की पोरं गप्प होतात. एवढे असतात?

*

मेच्या मध्यावर, रात्री नऊ-साडेनऊला, या अंगणातून दक्षिणेला डोंगर आडवा आला नाही तर क्षितिजाच्या थोडाच वर त्रिशंकू उभा दिसतो. त्याच्या डावीकडे दोन तेजस्वी तारे, मित्र आणि मित्रक. त्यांतला मित्र म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजारी, सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा लांब. लंडनच्या मुलाला तो आपल्या गावातून कधीच दिसत नाही, दिल्लीच्या मुलाला दिसलाच तर क्षितिजाला घासून. सह्याद्रीतल्या पोराला तो निवांत पडल्यापडल्या दिसतो.

उत्तरेकडे सप्तर्षी. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती लागते, आणखी पुढे नेला की पांढरीशुभ्र चित्रा. काकूंच्या घरी या ताऱ्यांचा एक छान खेळ चालतो. मित्राचा प्रकाश निघाला तेव्हा तू कितवीत होतास? नऊ वर्षांचा मुलगा मोजतो आणि म्हणतो, बालवाडीत. स्वातीचा प्रकाश ३७ वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा काकू स्वतःच फ्रॉक घालून शाळेत जात होत्या. चित्रेचा अडीचशे वर्षांपूर्वी. तेव्हा पुण्यात पेशवे होते. सगळा उजेड मात्र आत्ताच, एकाच वेळी, याच अंगणात पोचलेला.

ध्रुव शोधायला थोडा वेळ लागतो, कारण तो काही फार ठळक नाही. सापडला की मुलांना हात ताठ पुढे करून मूठ वळायला सांगतात. हात लांबवल्यावर आपली मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. मुलांचे हात आखूड आणि मुठीही लहान, त्यामुळे प्रमाण तेच राहतं. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी. ध्रुव दुसऱ्या मुठीच्या वरच्या काठाशी बसतो. दोन मुठी, वीस अंश. आणि अकोल्याच्या या डोंगरांचे अक्षांश? साडेएकोणीस. ध्रुवाची उंची आणि जागेचे अक्षांश सारखेच असतात. जुने दर्यावर्दी याच हिशेबानं समुद्रात आपली जागा शोधत. भूगोलाच्या पुस्तकातल्या ज्या आडव्या रेघा पाठ करून विसरल्या जातात, त्यांतली आपली नेमकी रेघ मुलीनं स्वतःच्या दोन मुठींनी मोजलेली असते. मी हा प्रयोग पदवीधर माणसांनाही करून दाखवला आहे. तीही पोरांसारखीच पुन्हा पुन्हा मोजतात.

*

हे चालवतं कोण? पत्रकात शिबिर लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात ते एक नांदतं घर असतं. कौलारू छप्पर, पडवी, सारवलेलं अंगण, बाजूला गोठा, आणि उन्हाळ्यापुरता ताडपत्रीचा मांडव. मुलं पंधरा-वीस. काका-काकू, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, कड्यातल्या वाटा तळहातासारख्या ठाऊक असलेला धाकटा भाऊ, आणि सगळ्यांवर नजर ठेवून असलेली आजी. कुठे हे घर गावातल्याच महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाचं असतं, कुठे शहरातली नोकरी सोडून डोंगरात येऊन राहिलेल्या जोडप्याचं.

अशा शिबिरांविषयी पालक जरा सांभाळून घेतल्यासारखं बोलतात. साधंच आहे हो, झिपलाइन वगैरे काही नाही. माझ्या मते यात अशा शिबिरांच्या भांडवलाचाच हिशेब चुकतो. दोनशे मुलं जमली की दिवे लावावेच लागतात, भोंगा लागतो, गळ्यात बिल्ले लागतात. मोजणी उजेडातच करता येते. वीस मुलं मात्र आजी आवाजावरून, खोकल्यावरून, चालण्याच्या पद्धतीवरून ओळखते, तीही तिसऱ्या दिवसापासून. म्हणून तिथे अंधार ठेवता येतो. शांतताही ठेवता येते. डोंगरात पाहण्याजोग्या बहुतेक गोष्टींना या दोन्ही लागतात, आणि त्या पैशानं बसवता येत नाहीत.

काजव्यांचंच बघा.

*

मेचा शेवटचा आठवडा ते मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत, असा काजव्यांचा हंगाम. दोन-चार वळवाच्या सरी पडून गेल्या, हवा दमट झाली, की या भागातल्या सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते उतरतात. एखादंच झाड निवडतात आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ते भरून टाकतात. शेजारचं त्याच जातीचं झाड मात्र काळंकुट्ट.

काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीनं, पेशीतली ऊर्जा वापरून, त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड बाहेर पडतो. प्राणवायूचा पुरवठा नेमका रोखून आणि सोडून काजवा लुकलुकतो. जुन्या तारेच्या बल्बमध्ये विजेचा विसावा हिस्साच उजेडाच्या रूपानं मिळे, बाकीची सगळी उष्णता. काजव्यात दर शंभर रेणूंच्या अभिक्रियेमागे सुमारे ४१ प्रकाशकण निघतात, असं २००८ साली जपानी संशोधकांनी मोजलं. मुलं काजवा तळहातावर घेऊन खात्री करतात: चटका नाही, ऊब नाही, नुसता हिरवट-पिवळा उजेड.

हा पंख असलेला काजवा त्याच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर असतो. त्याआधीचे कितीतरी महिने तो अळीच्या रूपात ओल्या पालापाचोळ्यात राहिलेला असतो. ती अळी शिकारी. गोगलगाय दिसली की तिला चावून बधिर करते आणि तिचं मांस पातळ करून पिते. प्रौढ काजवा मात्र जेमतेम काही खातो, कित्येक जातींत काहीच नाही. उरलेल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला एकच काम असतं: जोडीदार शोधणं. झाडावर चाललेली लुकलुक म्हणजे नरांनी घातलेली साद. हे कळल्यावर एखादी चौथीतली मुलगी लगेच विचारते, "मग आपण बॅटरी मारली तर त्यांना काय वाटेल?" त्यांना काही वाटत नाही, पण एकमेकांचे इशारे दिसेनासे होतात आणि ती रात्र वाया जाते. मोजक्या रात्रींच्या आयुष्यातली एक. भंडारदरा परिसरात या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते, कुणी झाडावर झोत टाकून व्हिडिओ काढतं. वनखात्याला रात्रीच्या वर्दळीला लगाम घालावा लागतो तो यामुळे.

आता खरं नवल. कधी कधी सगळं झाड एका ठेक्यात लुकलुकतं. हजारो काजवे, एकदम पेटतात, एकदम विझतात. त्यांना ताल कोण देतं?

आग्नेय आशियात असे प्रकार दिसतात, हे प्रवाशांनी कधीच लिहून ठेवलं होतं, पण पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. १९१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात फिलिप लॉरेंट या गृहस्थानं चक्क असं मत मांडलं, की हा पाहणाऱ्याच्याच पापण्या लवण्याचा परिणाम असावा! पुढे जॉन आणि एलिझाबेथ बक या शास्त्रज्ञ नवरा-बायकोनं १९६०च्या दशकात थायलंडमधून काजवे पकडून आणले आणि बँकॉकमधल्या हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सोडून दिले. भिंतींवर बसलेले काजवे आधी वाटेल तसे लुकलुकत होते. हळूहळू शेजारी बसलेल्या दोघांचा मेळ जमला, मग तिघांचा, आणि भिंतीवर ठेका पसरत गेला. म्हणजे ताल देणारा कुणीच नव्हता. प्रत्येकाच्या आत स्वतःचं एक घड्याळ होतं आणि शेजाऱ्याची लुकलुक दिसली की तो ते किंचित पुढे-मागे सारत होता. एवढ्यावरून सगळे एका ठेक्यात येऊ शकतात, याची गणिती सिद्धता रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९० साली दिली. त्यांनी ज्या नमुन्यावरून सुरुवात केली तो काजव्यांचा नव्हता, हृदयाचा होता. हृदयात ठोक्याची वेळ ठरवणाऱ्या हजारो पेशींतही कुणी मुकादम नाही. त्याही एकमेकींकडून वेळ जुळवून घेतात.

अंगणात याचा प्रयोग होतो. मुलांनी डोळे मिटून आपापल्या मनाच्या गतीनं टाळ्या वाजवायच्या. कुणी कुणाला सांगायचं नाही. आधी नुसता कल्ला होतो. मग कुठल्याशा कोपऱ्यात दोघांची टाळी जुळते आणि बघता बघता सगळं अंगण एका तालावर येतं. डोळे उघडून मुलं एकमेकांकडे संशयानं बघतात: सुरू कुणी केलं? कुणीच नाही. प्रेक्षागृहातली टाळी अशीच जुळते आणि तिचाही रीतसर अभ्यास झाला आहे. हा खेळ जमतो कारण अंगण लहान आहे, प्रत्येकाला प्रत्येकाची टाळी ऐकू येते.

*

दिवसाचा वेळ पायांचा. सकाळी उन्हं चढायच्या आत कडा गाठायचा आणि सावलीत बसून समोरचा डोंगर वाचायचा. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. तो असो की रतनगड असो, बाजूनं पाहिलं की आडव्या पायऱ्या दिसतात. कडा, मग सपाटीचा पट्टा, पुन्हा कडा. मुलांना वाटतं कुणी तरी तासल्यात. पण प्रत्येक थर हा लाव्हाच्या पुराचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा येत राहिला, पसरत राहिला, थिजत राहिला. आज शिल्लक आहे तोच भाग पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठा. प्रत्येक थराचा गाभा घट्ट आणि माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र. सच्छिद्र दगड लवकर कुजतो, घट्ट उभा राहतो. त्यातून पायऱ्या पडल्या. गुरं चरतात ती या पायऱ्यांवर, पायवाटा जातात त्या यांच्यावरून, आणि दोन थरांच्या सांध्यातून उन्हाळ्यातही पाणी झिरपतं. धाकट्या भावाला कुठल्या कपारीत मेमध्ये ओल असते हे पाठ असतं; तो भूशास्त्र शिकलेला नाही, पण थर त्याला नीट कळतात.

एखाद्या ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो, हातभर रुंदीचा. मुलांना तिथे बोट लावायला सांगायचं. ती माती आहे. म्हणजे लाव्हाचा एक पूर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत इतका काळ गेला, की ऊन-पावसानं त्या दगडाची माती झाली. मग पुढचा पूर आला आणि ती भाजून निघाली. काळ्या थरांत आगीची गोष्ट आहे, तांबड्या पट्ट्यात विश्रांतीची, आणि मला तांबडा पट्टा जास्त थक्क करतो. प्रलयांच्या मधली सुट्टी हातानं चाचपता येते.

पश्चिमेच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं, एकदम तुटल्यासारखं. ते खरंच तुटण्याशी संबंधित आहे. लाव्हाचा काळ सरता सरता भारताचा पश्चिमेकडचा तुकडा निखळून दूर जाऊ लागला. त्याचे अवशेष आज हिंद महासागरात सेशेल्स बेटांच्या रूपात आहेत. त्यानंतर कोट्यवधी पावसाळ्यांनी कडा झिजवत झिजवत पूर्वेकडे मागे रेटला. कड्याशी जाऊन हाक मारायचाही कार्यक्रम असतो. पोटावर झोपून, कडेपासून हातभर अंतर राखून. प्रतिध्वनी किती सेकंदांनी आला ते मोजायचं, दोननं भागायचं आणि ३४० नं गुणायचं: समोरचा कडा किती मीटर लांब ते निघतं. गणिताचा तास एवढ्या जोरात ओरडून घ्यायची मुभा आणखी कुठे मिळणार?

उतरताना करवंदाच्या जाळ्या लागतात आणि रांग मोडते. करवंद अर्धं तोडून आतला रंग दाखवायचा. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा खेळ या मुलांच्या आज्यांनीही खेळलेला असतो आणि बहुतेक घरांत मधल्या पिढीत तो निसटलेला असतो. ओठांना चीक लागतो, शर्टावर डाग पडतात आणि ते जात नाहीत. सामानाच्या यादीत ‘जुने कपडे’ असं ठळक लिहिलेलं असतं ते उगीच नाही.

*

घराची भिंत हाही एक तास आहे. जुन्या घरांत ती कुडाची असते: कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यावर शेण-मातीचा गिलावा. कारवी हे डोंगरउतारावर दाटीनं वाढणारं झुडूप, आणि त्याची रीत अशी की ते सात वर्षांतून एकदाच फुलतं. सहा पावसाळे नुसती पानं. सातव्याला सगळा डोंगर एकदम जांभळा, मधमाश्यांची झुंबड, मग बी धरतं आणि झुडूप वाळून जातं. एकाच उतारावरची लाखो झुडपं सात वर्षं कशावर मोजतात? बी खाणाऱ्यांना एवढं एकदम वाढून ठेवायचं की खाऊन संपू नये, असा या एकत्र फुलण्याचा फायदा सांगितला जातो. सात वर्षांचं मूल शिबिरात असलं की त्याला भिंतीतली काठी दाखवून आजी म्हणते, "हिला एकदा फुलायला तुझं सगळं वय लागतं बघ."

जेवण नागलीची भाकरी, पिठलं, कुळथाचं कढण, खुरासणीची चटणी, कधी वरईचा भात. पहिल्या दिवशी भाकरीकडे बघून तोंडं वाकडी होतात, कारण ती काळपट. चौथ्या दिवशी कड्यावरून आल्यावर कुणी रंग विचारत नाही. डोंगराच्या चढावर, हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर येणारं नागलीचं हे पीक. त्यात कॅल्शियम गव्हा-तांदळापेक्षा कितीतरी जास्त. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बी जपलं, वाल-घेवड्यांचे आणि भाताचे कितीतरी प्रकार, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या घरच्या आजीकडेही मडक्यांत राखेत घोळवलेलं बी असतं. राखेनं बी कोरडं राहतं आणि किडा लागत नाही. मुलांना एकेक वालाचा दाणा हातात मिळतो आणि लक्षात येतं की वाल पांढरा, काळा, तांबूस, ठिपक्यांचा असा कसाही असतो. दुकानात तो एकाच रंगाचा असतो, याचं मग नवल वाटू लागतं.

*

मुलांना असं घराबाहेर नेऊन ठेवायची आधुनिक पद्धत सुरू झाली तीही एका जोडप्याच्या घरगुती शाळेतूनच. १८६१ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात फ्रेडरिक आणि अबिगेल गन आपल्या शाळेतल्या मुलांना पायी समुद्रकाठी घेऊन गेले आणि दोन आठवडे तंबूत राहिले. तिकडे यादवी युद्ध पेटलं होतं आणि पोरांना सैनिकांसारखं राहायचं होतं, हे त्यामागचं निमित्त. उन्हाळी शिबिरांच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक तिथूनच धरतात. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर जे प्रायोगिक शिबिर घेतलं आणि ज्यातून जगभरची स्काउट चळवळ उभी राहिली, त्यातही मुलं वीस-बावीसच होती. बरोबर बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्या होता. म्हणजे त्यांनाही घरचं पोर नेल्याशिवाय राहवलं नाही!

अशा दिवसांचा मुलांवर काय परिणाम होतो, याचे थोडे पण चांगले अभ्यास आहेत. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सहावीतल्या ५१ मुलांना डोंगरातल्या शिबिरात पाच दिवस पडद्याविना ठेवलं आणि त्याच शाळेतल्या ५४ मुलांशी तुलना केली. चेहऱ्याचे फोटो आणि आवाज बंद केलेली दृश्यं दाखवून समोरच्याच्या मनात काय चाललं असेल ते ओळखायला सांगितलं. शिबिरातली मुलं पाच दिवसांत त्यात जास्त सुधारली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण पंगतीत मीठ कुणाला हवं आहे हे न विचारता कळू लागतं, ते मीही पाहिलं आहे. आणखी एक अभ्यास २०१३चा, मोठ्या माणसांवरचा. कोलोरॅडोच्या डोंगरांत आठ जणांना आठवडाभर फक्त सूर्य आणि शेकोटीच्या उजेडात ठेवलं. त्यांच्या शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास आधी सरकलं. रात्री उशिरापर्यंत जागणारे सर्वांत जास्त बदलले. शिबिरात तिसऱ्या रात्री मुलं साडेनऊला आपणहून आडवी होतात ती केवळ दमल्यामुळे नाही. दिवसाचं लख्ख ऊन आणि रात्रीचा खरा अंधार मेंदूपर्यंत पोचलेला असतो.

दुसरी रात्र मात्र अवघड असते. पहिल्या रात्री सगळं नवं, तिसऱ्या रात्री ओळखीचं. दुसऱ्या रात्री घर आठवतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर थर्बर यांनी शिबिरातल्या मुलांच्या घरओढीवरच वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्या मते घर आठवणं हे जवळपास सगळ्या मुलांना होतं. "नाहीच करमलं तर मी येऊन घेऊन जाईन" हे पालकांचं प्रेमळ वचन मात्र घातक ठरतं, कारण मूल मग करमवून घ्यायचा प्रयत्न सोडून वाट बघत बसतं. त्यापेक्षा आधी आजोळी चार रात्री एकट्यानं राहिलेलं मूल लवकर रुळतं. घरगुती शिबिरात या दुखण्यावरचा उपाय स्वयंपाकघरात असतो. रडवेल्या पोराला आजी चुलीपाशी बोलावते, समोर तांदळाचं सूप ठेवते आणि खडे निवडायला सांगते. नाही तर शेळीचं करडू हातात देते, "धर जरा याला, मला दूध काढू दे." करडाला धरून ठेवणं हे पूर्ण लक्ष देऊन करायचं काम आहे. पाच मिनिटांनी पोराला आई आठवते, पण आता तिला सांगण्यासारखं काहीतरी घडलेलं असतं.

मोठ्या शिबिरात यासाठी समुपदेशक असतात आणि ते चांगलंच आहे. पण तिथे मूल खोटंखोटं काम लगेच ओळखतं. इथे दूध खरंच काढायचं असतं, खडे भातात खरंच लागतात आणि पाणी तर फारच खरं असतं. देशातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांतला हा एक, तरी मेमध्ये विहिरी तळाला जातात, कारण घट्ट काळ्या दगडात पाणी फार साठत नाही, उतारावरून धावत सुटतं. शेवटी शेवटी आंघोळ अर्ध्या बादलीत उरकावी लागते. ते पाणीही खाली आळं केलेल्या पपईला जातं. धबधब्यांच्या जाहिराती बघून आलेल्या पालकांना हे सांगताना काकू जरा अवघडतात. मुलांना त्याचं काही वाटत नाही. आंघोळ कमी झाल्याचं दुःख मुलांनी कधी केलंय?

हे शिबिर मेमध्येच का, याचं उत्तर शाळेच्या सुट्टीत अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शेतात आहे. इथलं पीक भात. मार्च-एप्रिलमध्ये वाफ्यावर पाला-गोवऱ्या रचून राब भाजून झालेला असतो, म्हणजे तणाचं बी मरतं आणि रोपाला राख मिळते. मृग सात-आठ जूनला लागतो आणि पाऊस पडला की राबावर भात पेरायचा. मधले पाच-सहा आठवडे तेवढे कुटुंबाला मोकळे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मांडव पडतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरतो. एखाद्या पालकांनी "दहा जूनला एक तुकडी घ्या ना, तेव्हा पाऊस मस्त असतो" असा आग्रह केला, तर काका हसून हात जोडतात. तेव्हा सगळं घर पेरणीत असतं, पोरांना बघायला माणूस कुठून आणणार? आणि मांडवाची ताडपत्री तोवर सरपणावर घालून, दगड ठेवून, चारी बाजूंनी घट्ट बांधलेली असते.